कुत्र्याच्या अंगावर गाठ आली: कापायची, थांबायचं की आधी सुई मारून पाहायची?

प्रश्न थोडक्यात असा आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका शेतकरी भावांचा वाघ्या नावाचा नऊ वर्षांचा कुत्रा आहे. गावठी, पण लॅब्राडॉरचा थोडा अंश असावा. रात्री शेतात जागलीला त्यांच्यासोबत असतो. त्याच्या उजव्या बरगडीवर दीड वर्षापासून लिंबाएवढी मऊ गाठ आहे आणि ती हळूहळू वाढतेय. दोन महिन्यांपासून मागच्या मांडीवर बोराएवढी दुसरी गाठ दिसतेय, लालसर, वरचे केस गेलेली. ही दुसरी कधी फुगते, कधी उतरते, म्हणून तिची त्यांना फारशी काळजी नाही. मोठी मात्र कापून टाकावी का, असं ते विचारतात. आई म्हणते बिब्बा लावून पाहा. मेडिकलवाल्याने सूज उतरायच्या गोळ्या दिल्या आहेत, त्या चालू आहेत.

भाऊ, सरळ सांगतो. तुम्हाला जिची भीती वाटते तिच्यापेक्षा, जिची वाटत नाही ती गाठ मला जास्त खटकतेय. बरगडीवरची बहुतेक चरबीची असेल. मांडीवरची जी कमी-जास्त होते, ती मात्र याच आठवड्यात कुणाला तरी दाखवा. आणि त्या गोळ्या आज थांबवा, स्टेरॉइडच्या नसतील तर. पाकिटावरचं नाव वाचून डॉक्टरांना फोनवर सांगा. डेक्सामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन असेल आणि बरेच दिवस पोटात गेलं असेल, तर ते एकदम बंद करत नाहीत, हळूहळू कमी करतात.

गाठीचा आकार बघून घाबरायचं किंवा निर्धास्त व्हायचं, ही सवय आपल्याकडे घट्ट आहे. दुसरा हमखास प्रश्न, "दुखते का?" आमच्या दवाखान्यात रोज ऐकू येणारं वाक्य म्हणजे, "काही दुखत नाही त्याले, मंग काऊन कापाची?" न दुखणं ही चांगली खूण नाही. पू झालेली गाठ ठणकते, कुत्रा हात लावू देत नाही, आणि ती आठ दिवसांत बरीही होते. कॅन्सरच्या कितीतरी गाठी सुरुवातीचे महिने अजिबात दुखत नाहीत. म्हणून आकार, मऊपणा, दुखणं या सगळ्यांवरून अंदाज करता येतो, निदान होत नाही. निदानाला गाठीच्या आतलं काहीतरी बाहेर काढून पाहावं लागतं, आणि त्याला ऑपरेशन लागत नाही. साधी इंजेक्शनची सुई पुरते.

ती कशी करतात ते सांगतो, म्हणजे तुम्ही डॉक्टरांकडे गेल्यावर स्वतःहून म्हणाल की साहेब, आधी सुई मारून पाहा. २२ किंवा २३ नंबरची बारीक सुई, पाच मिलीची सिरिंज आणि काचेच्या दोन-चार पट्ट्या. गाठ बोटांत धरायची, सुई आत घालून दोन-तीन दिशांनी हलवायची, बाहेर काढायची, सिरिंजमध्ये हवा भरून सुईच्या पोटातला थेंब काचेवर फुंकायचा आणि दुसऱ्या काचेने हलकेच पसरायचा. भूल लागत नाही. बहुतेक कुत्र्यांना लसीच्या इंजेक्शनाइतकंही कळत नाही. काच हवेत वाळवायची, पंख्याखाली चालते, उन्हात नको. मग रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहायची.

चरबीची गाठ असेल तर रंग द्यायच्या आधीच कळायला लागतं. काचेवर तेलाचे चकचकीत थेंब पडतात आणि पंख्याखाली कितीही वेळ ठेवली तरी काच वाळत नाही. इथे एक गंमत आहे, जी नव्या डॉक्टरांनाही चकवते. रंग देण्याआधी काच मद्यार्कात बुडवतात, त्यात ही चरबी विरघळून जाते आणि सूक्ष्मदर्शकाखाली काच रिकामी दिसते. म्हणून "काहीच आलं नाही" असा रिपोर्ट आला तर काच रंगवण्याआधी कशी दिसत होती, हे विचारायचं. त्या तेलकट थेंबांवरच अर्धं निदान झालेलं असतं.

अशी गाठ उतारवयातल्या, थोड्या सुटलेल्या कुत्र्यांना छातीवर, बरगडीवर, पोटाच्या कडेला येते. कातडीखाली सरकते, कडा गोल असते, महिनोन्‌महिने तशीच राहते. लॅब्राडॉरमध्ये ही फार आणि त्याच्या संकरातही दिसते. वाघ्याची बरगडीवरची गाठ सुईत चरबीची निघाली तर माझा सल्ला राहील की तिला हात लावू नका. नऊ वर्षांच्या कुत्र्याला भूल द्यायची, लिंबाएवढी चरबी काढायची, आणि दोन वर्षांनी शेजारी दुसरी यायची, यात कुणाचाच फायदा नाही. काढायची वेळ येते ती गाठ काखेत असेल आणि चालताना पाय फाकवावा लागत असेल, किंवा थोड्या दिवसांत झपाट्याने वाढली असेल, किंवा खाली स्नायूला घट्ट चिकटलेली लागत असेल तेव्हा. चरबीच्याच गाठीचा एक प्रकार स्नायूत घुसत जातो. तो कॅन्सरसारखा दूर पसरत नाही, पण काढायला त्रासदायक असतो.

आता मांडीवरची. जी गाठ फुगते आणि उतरते, चोळल्यावर लाल होऊन वाढते, तिच्याबद्दल पहिला संशय मास्ट सेल ट्यूमरचा. मास्ट सेल या पेशी प्रत्येक कुत्र्याच्या आणि माणसाच्या कातडीत असतातच. त्यांच्या पोटात हिस्टामिनचे दाणे भरलेले असतात. गांधीलमाशी चावल्यावर सूज आणि खाज येते ती याच दाण्यांमुळे. १८७८ साली पॉल एर्लिख या जर्मन विद्यार्थ्याने आपल्या प्रबंधात या पेशींचं वर्णन केलं, ते विशिष्ट रंगात हे दाणे उठून दिसतात म्हणून, आणि आजही आम्ही त्या दाण्यांवरूनच त्या ओळखतो. याच पेशींची गाठ झाली की हात लागला, खाजवलं, दाबलं की दाणे फुटतात आणि आजूबाजूची कातडी फुगते. काही तासांनी ओसरते. मालक म्हणतो, "उतरली न साहेब, बरी होऊन राहिली." बरी होत नसते.

हा ट्यूमर कुत्र्यांच्या कातडीच्या घातक गाठींत सर्वांत जास्त आढळणाऱ्यांपैकी आहे आणि कुणाचंही सोंग घेऊ शकतो. कधी चामखिळीसारखा, कधी गळवासारखा, कधी हुबेहूब चरबीच्या गाठीसारखा मऊ. म्हणून बरगडीवरच्या गाठीतसुद्धा सुई मारून घ्या, ती चरबीचीच आहे असं मी इथे बसून म्हणतोय तरीही. दोन गाठी असल्या की दोन्हीकडे वेगळी सुई, काचांवर वेगळी नावं. एकीचा निकाल दुसरीला लागू होत नाही.

या गाठीतून सुटणारं हिस्टामिन रक्तातून पोटात जाऊन आम्ल वाढवतं. कुत्रा अधूनमधून ओकतो, जेवण कमी करतो, शी डांबरासारखी काळी होते. काळी शी म्हणजे जठरात व्रण पडून रक्त जातंय. त्यात मेडिकलमधून आणलेली डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेनची गोळी पडली तर व्रणाला भोक पडायला वेळ लागत नाही. या गोळ्या कुत्र्याला तशाही चालत नाहीत, किडनी धरतात. पॅरासिटामॉलही मनाने द्यायची नाही. आणि गोळी स्टेरॉइडची असेल तर वेगळाच घोळ होतो. मास्ट सेलची गाठ आणि लसिकाग्रंथींचा (लिम्फ नोडचा) कॅन्सर हे दोन्ही स्टेरॉइडने तात्पुरते आक्रसतात. महिनाभर बरं वाटतं, नंतर दुप्पट जोराने येतात, आणि मधल्या काळात सुईतही धड काही सापडत नाही. म्हणून सुरुवातीलाच पाकिटावरचं नाव वाचायला सांगितलं.

मास्ट सेल निघाला म्हणजे सगळं संपलं, असं समजू नका. बरेच ट्यूमर कमी आक्रमक असतात आणि नीट काढले तर पुन्हा येत नाहीत. नीट म्हणजे गाठीभोवती चांगल्या कातडीचा दोन-तीन सेंटीमीटरचा पट्टा आणि खालचा एक थर धरून. म्हणून आधी सुई, मग सुरी. काय आहे हे ठाऊक नसताना नुसती गाठ सोलून काढली तर मुळं आत राहतात, आणि दुसऱ्यांदा कापायला मांडीवर कातडी उरत नाही. ऑपरेशनआधी हिस्टामिनविरोधी औषध आणि जठराला सांभाळणारं औषध सुरू करतात, कारण गाठ हाताळताना रक्तदाब एकदम पडू शकतो. काढलेला तुकडा कचऱ्यात टाकायचा नाही. रुंद तोंडाच्या बरणीत १० टक्के फॉर्मेलिन, गाठीच्या दहापट तरी, आणि तपासणीला रवाना. कडांवर पेशी राहिल्या का आणि ट्यूमर किती आक्रमक आहे, हे त्या तपासणीशिवाय कळत नाही. तीच तपासणी लोक वाचवतात आणि मला ते कधीच पटलेलं नाही. ऑपरेशनला एवढा खर्च केला, आणि काढलं काय तेच माहीत नाही!

"आमच्या तालुक्याला हे कोण करतंय?" हा प्रश्न येणारच. सुई मारायचं काम तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात होऊ शकतं, साहेबांना वेळ असेल तेव्हा जा, म्हणजे गुरांचा बाजार किंवा लसीकरणाची मोहीम नसेल त्या दिवशी. काचा वाळवून डबीत घालून नागपूरला किंवा अकोल्याला नेता येतात. नागपूरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय सेमिनरी हिल्सला आहे, १९५८ पासूनचं. अकोल्याला पदव्युत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्था आहे. दोन्ही महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाच्या. तिथे कुत्र्याला घेऊनच गेलात तर एकाच फेरीत सुई, एक्स-रे, रक्त सगळं आटोपतं. फक्त एक सांभाळा, वाळवलेल्या काचा आणि फॉर्मेलिनची बरणी एकाच पिशवीत ठेवू नका. फॉर्मेलिनच्या वाफेने काचेवरच्या पेशी रंग घेत नाहीत, आणि सगळी मेहनत वाया जाते.

वाघ्याचं इथवर. पण हे वाचणाऱ्या बाकीच्यांचे कुत्रेही शेतातलेच असतील, आणि आपल्याकडच्या गाठी पुस्तकातल्या शहरी कुत्र्यांसारख्या नसतात. निम्म्या तर गाठीच नसतात.

कानामागे, मानेखाली, बोटांच्या बेचक्यात राखाडी गुळगुळीत मणी दिसला तर आधी केस बाजूला करून पाहा, त्याला पाय आहेत का. रक्त पिऊन टच्च फुगलेला गोचीड चामखीळ समजून दोऱ्याने बांधून आणलेला मी पाहिलाय. दिवाळीच्या सुमारास बांधावरचं गवत वाळलं की कुसळं सुटतात. बोटांच्या मधून, काखेतून कुसळ आत शिरतं आणि पुढेच सरकत जातं, मागे येत नाही. तिथे छोटी गाठ येते, फुटते, पातळ रक्ताळ पू येतो, भरून निघते, महिन्याने पुन्हा येते. अँटिबायोटिक संपलं की परत. अशी पुन्हा पुन्हा त्याच जागी उघडणारी गाठ म्हणजे आत काहीतरी आहे, कुसळ किंवा बाभळीचा काटा, असं धरून चालायचं. ते काढल्याशिवाय सुटका नाही.

रानडुकराने मारलेल्या कुत्र्याबाबत मात्र एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. सुळ्याचं भोक बाहेरून बोटभर दिसतं आणि आत कातडी हातभर सुटलेली असते. पोटावर मार बसला असेल आणि तिथे मऊ फुगवटा आला, तर तो रक्ताचा किंवा पाण्याचा समजून गावात कुणी टोचू नये. पोटाचा पडदा फाटून आतडं कातडीखाली आलेलं असू शकतं. तेच बेंबीच्या, जांघेच्या आणि गुदाशेजारच्या मऊ फुगवट्याचं. म्हाताऱ्या, न खच्ची केलेल्या नराला गुदाच्या बाजूला फुगवटा आला आणि लघवी होईना झाली, तर मूत्राशयच त्या पिशवीत उतरलेलं असतं. ते त्याच दिवसाचं काम, दुसऱ्या दिवसाचं नाही. सुई मारा, सुई मारा असं मी इतका वेळ म्हणतोय, पण या जागांवर डॉक्टरसुद्धा आधी दाबून, आत ढकलून, जमलं तर सोनोग्राफी करून पाहतात.

दोन-तीन दिवसांत आलेली, गरम, ठणकणारी, ताप आणणारी गाठ म्हणजे गळू. कुत्र्याचा ताप मोजताना आपला हिशेब लावू नका, त्याचं नेहमीचं तापमानच १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं. गळू पिकलं की खालच्या बाजूने उघडून पू वाहू द्यायचा. नुसत्या इंजेक्शनांनी ते दबतं, जात नाही. पावसाळ्यात उघड्या जखमेवर माशी बसून अळ्या पडतात, तेव्हा बारीक गळूही अंगावर काढायचं नाही. आणि शेतातून आला तो थोबाड सुजवूनच, तासाभरात सूज डोळ्यापर्यंत गेली, नाका-हिरड्यांतून रक्त येतंय, तर ती घोणस समजा. तेव्हा गाठीची चर्चा करत बसू नका, गाडी काढा आणि प्रतिसर्पविष जिथे असेल तिथे आधी फोन करून विचारा.

आता जिच्यामुळे आपल्या भागात सर्वांत जास्त कुत्रे हकनाक मरतात, ती गाठ. मोकळ्या फिरणाऱ्या नराच्या लिंगाच्या आवरणातून रक्ताचे थेंब पडतात. घरी म्हणतात, "उनाळी लागली." धने-जिरं, बडीशेप, सब्जा सुरू होतो. उन्हाळ्यात तर कुणाला शंकाही येत नाही. दोन-तीन महिने असेच जातात. आवरण मागे सारून पाहिलं तर आत फुलकोबीच्या गड्ड्यासारखी, लालभडक, हात लावला की तुटून रक्त येणारी गाठ दिसते. मादीच्या योनीतही अशीच. तिच्या माजाचं रक्त थांबतच नाही, असं वाटतं. हा संसर्गजन्य लैंगिक ट्यूमर. तो विषाणूने होत नाही, जंतूने होत नाही. जुगताना, चाटताना, हुंगताना एका कुत्र्याच्या कॅन्सरच्या जिवंत पेशीच दुसऱ्याच्या अंगात रुजतात. म्हणून कधीकधी गाठ नाकात असते आणि एकाच नाकपुडीतून रक्त येतं. रशियन पशुवैद्य नोविन्स्की यांनी १८७६ साली हा ट्यूमर एका कुत्र्यातून दुसऱ्यात रुजवून दाखवला होता. कुत्र्याच्या पेशीत ७८ गुणसूत्रं असतात, या ट्यूमरच्या पेशीत साधारण साठच्या आसपास. जगभरातले हे सगळे ट्यूमर हजारो वर्षांपूर्वी मेलेल्या एकाच कुत्र्याच्या पेशींचे वंशज आहेत. आपल्या गावच्या चौकातल्या कुत्र्याच्या अंगात त्या पुराणपुरुषाच्या पेशी अजून जगताहेत, याचं मला आजही नवल वाटतं.

आणि इतका भयंकर दिसणारा हा कॅन्सर बहुतेकदा पूर्ण बरा होतो. व्हिन्क्रिस्टिन नावाचं औषध आठवड्यातून एकदा शिरेतून द्यायचं, साधारण चार ते सहा आठवडे. दुसऱ्या-तिसऱ्या इंजेक्शनलाच गाठ निम्म्यावर येते, रक्त थांबतं. कापायची गरज सहसा पडत नाही. उलट नुसती कापली तर बरेचदा परत येते. अडचणी दोन. औषध शिरेबाहेर गेलं तर पायाची कातडी सडते, म्हणून ते अनुभवी हातानेच, कुत्रा नीट धरून द्यावं लागतं. आणि पांढऱ्या पेशी कमी होतात, म्हणून प्रत्येक वेळी आधी रक्त तपासायचं. घरात गरोदर बाई असेल तर इंजेक्शननंतर दोन-चार दिवस कुत्र्याची शी-लघवी तिने आवरू नये. मधलाच एक मुद्दा सांगतो, लोक दोन इंजेक्शनांनंतर रक्त थांबलं की येणं बंद करतात. डोळ्यांना दिसणारी गाठ गेल्यावरही औषध थोडं पुढे चालवावं लागतं.

माणसाला यातलं काही लागत नाही. वाघ्याच्या गाठींमुळे लेकरांना त्याच्यापासून तोडू नका. पण कुत्र्याच्या जबड्याखाली काहीतरी सुजलंय, लाळ गळतेय, घास गिळता येत नाही, आवाज बदललाय, "घशात हाड अडकलं असेल" असं वाटतंय, तर तोंडात हात घालू नका. रेबीज असाच येतो, आणि हाड काढायला गेलेल्या माणसाला तो लाळेतून लागतो.

मादी असेल तर महिन्यातून एकदा तिला आडवी पाडून पोटावरून हात फिरवा. स्तनांच्या साधारण पाच जोड्या असतात, आणि गाठी जास्त करून मागच्या दोन जोड्यांत येतात, कारण तिथे दूधग्रंथी जास्त. वाटाण्याएवढी लागली तरी दाखवायची. मोठ्या मादीच्या स्तनातल्या गाठींपैकी साधारण निम्म्या घातक निघतात, आणि तीन सेंटीमीटरच्या आत असताना काढली तर निकाल पुष्कळ चांगला लागतो. इथे सुईपेक्षा काढून तपासणं जास्त उपयोगाचं, कारण एकाच गाठीत साध्या आणि घातक दोन्ही पेशी असू शकतात. ऑपरेशनआधी छातीचा एक्स-रे हवाच. फुप्फुसात पसरलेला असेल तर कापून फक्त त्रास. स्तन सगळेच गरम, लाल, दगडासारखे कडक झाले आणि पिल्लं नसताना झाले, तर त्याला थानदाह म्हणून शेकत बसू नका. कॅन्सरचा एक अत्यंत वाईट प्रकार असाच दिसतो. आणि माज दाबायची हार्मोनची इंजेक्शनं, जी गावात सर्रास टोचली जातात, ती स्तनाच्या गाठी आणि गर्भाशयात पू होणं दोन्ही वाढवतात. पिल्लं नको असतील तर लवकर नसबंदी करून टाका. पहिल्या माजाआधी केली तर स्तनाच्या गाठींचा धोका सर्वांत कमी राहतो.

जबड्याखाली दोन्हीकडे, खांद्यापुढे, मागच्या गुडघ्याच्या मागे अशा एकदम जोडीजोडीने गाठी लागल्या तर त्या वेगळ्या गाठी नव्हेत, शरीरातल्या लसिकाग्रंथी सुजल्यात. आपल्याकडे पहिला संशय गोचीडतापाचा. त्याचं रक्त तपासून डॉक्सिसायक्लिनचा साधारण चार आठवड्यांचा कोर्स देतात. गोचीड नाहीत, ताप नाही, कुत्रा खाऊन-पिऊन मजेत आहे आणि तरी ग्रंथी मोठ्या होतायत, तर लसिकाग्रंथींचा कॅन्सर असू शकतो. त्याला पुन्हा तीच सुई.

बाकीच्यांचं झटपट सांगतो. दीड-दोन वर्षांच्या पिल्लाच्या कानावर, तोंडावर बटणासारखी गुलाबी गाठ आली, सुईत साधी निघाली, तर ती दोन-तीन महिन्यांत आपोआप जाते. पिल्लांच्या ओठांवर, जिभेवर आलेले विषाणूचे मसही तसेच जातात. सिमेंटवर झोपणाऱ्या मोठ्या कुत्र्याच्या कोपरावर पाण्याची पिशवी येते, तिला पोत्याची जाड गादी हेच औषध. उपसली तर जंतू जातात. कानाची पाळी रक्त भरून फुगली तर कानात खाज कशाची आहे ते बघा, नाहीतर उपसलेलं रक्त परत भरतं. गुदाभोवती गाठी आलेल्या म्हाताऱ्या नराला बहुतेकदा खच्चीकरणानेच आराम पडतो. रेबीजच्या लसीनंतर टोचल्या जागी छोटी गाठ आली तर महिनाभर थांबायला हरकत नाही. पायाच्या हाडावर कडक फुगवटा आणि लंगडणं एकत्र असेल तर मात्र "मुरगळला असेल" म्हणून आठवडे काढू नका, एक्स-रे काढा.

बिब्ब्याचं आईंना माझ्याकडून सांगा. बिब्ब्याचं तेल माणसाच्या टाचेची कातडी जाळतं, तिथे कुत्र्याची मांडी काय टिकणार? फोड येतील, तो चाटेल, तोंड भाजेल. मास्ट सेल असेल तर त्या जळण्याने दाण्यांचा पूरच सुटेल. डागणी, चुना, पेट्रोल यांचंही तेच. आणि गोचीड मारायला कपाशीवरचं फवारणीचं औषध कुत्र्याच्या अंगाला चोळणं तर ताबडतोब सोडा. कुत्रा चाटतो, तोंडाला फेस येतो, आणि चोळणाऱ्याच्याही हाताला ते लागतंच.

डॉक्टरांची वेळ मिळेपर्यंत तुमच्या हातात एवढं आहे. दोन्ही गाठी शिवणाच्या टेपने सेंटीमीटरमध्ये मोजा, लांबी आणि रुंदी दोन्ही, आणि तारीख घालून मोबाइलमध्ये लिहून ठेवा. लिंबाएवढी, बोराएवढी यावरून वाढ कळत नाही, गावरान बोर केवढं आणि अहमदाबादी केवढं! टेप शेजारी धरून फोटो काढा. मांडीवरची एकदा फुगलेली असताना आणि एकदा उतरलेली असताना, पण ती फुगावी म्हणून मुद्दाम दाबू नका. घरात लेकरांनाही सांगा, तिच्याशी खेळायचं नाही. वाघ्या सारखी चाटत असेल तर गळ्यात कॉलर घाला, प्लास्टिकच्या बादलीचा बूड कापून केलेली चालते. शीचा रंग दोन दिवस पाहा. काळी असेल किंवा तो ओकत असेल तर आठवडाभर थांबू नका, दुसऱ्या दिवशीच जा.

नेताना गोळ्यांचं रिकामं पाकीट आणि लसीचं कार्ड सोबत घ्या. नुसत्या सुईसाठी उपाशी ठेवायची गरज नाही. ऑपरेशन ठरलं तर किती तास आधी खाणं बंद करायचं ते तिथेच सांगतील. तोंड बांधायला सुती ओढणी किंवा पट्टी न्या. तुमचा वाघ्या घरी कितीही शहाणा असला तरी टेबलावर अनोळखी माणसाने मांडी धरली की तो कुत्राच असतो. आणि उन्हाळ्यात निघत असाल तर सकाळी आठच्या आत दवाखान्यात पोहोचा. तोंड बांधलेल्या कुत्र्याला धापा टाकता येत नाहीत, दुपारच्या उन्हात टेम्पोच्या मागच्या पत्र्यावर त्याला गाठीपेक्षा उष्माघाताचा धोका जास्त.